गल्ल्यातले पैसे कोणाचे?

दोस्तांनो, दुकानदार असणं म्हणजे मजाच, असं तुमच्यापैकी पुष्कळांना वाटत असेल. समोर गोळ्यांच्या बरण्या, हाताशी नोटांनी भरलेला गल्ला, आणि वर कोणी साहेब नाही! मलाही पाचवी-सहावीपर्यंत असंच वाटायचं. बदलापूर पूर्वेला, कात्रपमध्ये आमचं किराणा दुकान आहे. एकच गाळा. शाळा सुटली की मी वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या शेजारी स्टुलावर बसायचो.

एकदा मी विचारलं, "अण्णा, आज गल्ल्यात दहा हजार जमले. आपण श्रीमंत झालो ना?"

अण्णा हसले. म्हणाले, "यातले आपले किती, ते सांग बघू."

मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. रुपयामागे दहा पैसे सुटतात असं धरलं, तर १०,००० रुपयांच्या विक्रीतले ९,००० रुपये मालाचे. ते घाऊक व्यापाऱ्याकडे जायचे. उरले १,०००. त्यातून गाळ्याचं भाडं, विजेचं बिल, मदतनिसाचा पगार, उंदरांनी कुरतडलेली साखर. एवढं सगळं भागवून जे उरेल, ते घरचं.

म्हणून अण्णांचा पहिला नियम असा, की गल्ला म्हणजे घरचं पाकीट नव्हे. दर महिन्याला ते ठरलेली रक्कम पगारासारखी घरी देतात. आईने दुकानातून साबण नेला तरी तो वहीत लिहायचा. मी चॉकलेट खाल्लं तरी तेही लिहायचं! तेव्हा मला याचा फार राग यायचा. पण असे छोटे छोटे साबण आणि चॉकलेटंच दुकान खाऊन टाकतात, हे मोठेपणी कळलं.

दुसरा नियम मालाचा. कात्रपहून लोकलने निघालं, की अंबरनाथनंतर उल्हासनगर. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो निर्वासित कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत राहिली. त्या वसाहतीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालं. घरदार मागे टाकून आलेल्या या लोकांपैकी कितीतरी जणांनी अगदी थोड्या भांडवलावर व्यापार उभा केला. नफा थोडा घ्या पण माल लवकर विका, ही तिथल्या बाजाराची रीत. अण्णा ती असं समजावतात : १०० रुपयांच्या मालावर २ रुपयेच सुटले, पण तो माल महिन्यात दहा वेळा विकला गेला, तर २० रुपये झाले. १० रुपये सुटणारी वस्तू महिनाभर फळीवर बसून राहिली, तर दहाच. शिवाय पैसा अडकला तो वेगळाच.

म्हणून जे खपतं तेच आणायचं. जुना माल पुढे, नवा मागे. पावसाळ्यात रवा आणि मैदा थोडाच भरायचा, कारण दमट हवेत त्याला जाळी धरते. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवायची.

तिसरा नियम उधारीचा, आणि हाच सगळ्यात अवघड. एका गिऱ्हाइकाची कंपनी बंद पडली. महिनोन् महिने माल उधारीवर गेला, आणि एके दिवशी कळलं की ते कुटुंब खोली सोडून गावी गेलं. वहीत १,८०० रुपये राहिले. आमच्या पदरचा माल १,६२० रुपयांचा गेला. तेवढे भरून काढायला १६,२०० रुपयांची विक्री हवी!

आई म्हणाली, "आता उधारी बंदच करा."

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अगं, एकाने बुडवले म्हणून दुसऱ्याच्या पोराने उपाशी झोपायचं का?"

त्यांनी उधारी बंद केली नाही, पण मर्यादा घातली. पीठ, तांदूळ, डाळ, तेल, मीठ उधार मिळेल. थंड पेय आणि वेफर्स रोखीनेच. आणि ठरलेल्या आकड्यापुढे वही सरकणार नाही. "नाही" म्हणताना अण्णांचा चेहरा पडतो, ते मी पाहिलंय. पण दुकानच बुडालं, तर गरजेच्या वेळी कोणालाच काही देता येणार नाही, हेही खरंच.

आता मोठी दुकानं आली, मोबाइलवर मागवलेला माल दारात येऊ लागला. त्यांच्याशी भावात टक्कर देणं आम्हांला झेपत नाही. पण आमचं गिऱ्हाईक पहाटेची लोकल पकडतं आणि रात्री उशिरा परततं, म्हणून आम्ही लवकर उघडतो, उशिरा बंद करतो. दहा रुपयांची डाळही देतो. इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासून शिक्का मारून घेतो, आणि तो शून्यावर आहे हे गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवतो. एकटं लहान मूल आलं, तर उरलेले पैसे त्याच्या हातावर मोजून देतो आणि हिशेबाची चिठ्ठीही देतो. ते मूल दहा वर्षांनीही आमच्याकडेच येतं.

तुम्हांला दुकान चालवून बघायचंय? मग या दिवाळीत मित्रमैत्रिणी मिळून पणत्यांचा स्टॉल टाका. ४ रुपयांच्या ५० पणत्या २०० रुपयांना आणा, ६ रुपयांना विका. सगळ्या खपल्या तर डब्यात ३०० येतील. त्यातले आधी २०० बाजूला काढा, ते भांडवल. दहा पणत्या फुटल्या तर डब्यात २४० येतील, म्हणजे तुमचे फक्त ४०. भेळ खायची ती त्या चाळिसातच!