आप्पामामांना कोपनहेगनहून

कोपनहेगन,
14 फेब्रुवारी

ती. आप्पामामांस,


तुमचं पत्र पोचलं. "वीतभर लाकडाला मोटरसायकलीचे पैसे देणारे तिकडचे लोक वेडे, की विकणारा लबाड, एवढंच कळव," असं तुम्ही लिहिलंत. वेडे थोडेफार आहेत, मामा, पण लबाडी नाही. उलट मी या माणसाची वही लिहिते म्हणून सांगते, जरा लबाड असता तर बरा पैसा करता.

शनिवारी मी ज्यांच्याकडे हिशोब लिहायला जाते ते तंबाखूचे पाईप हाताने बनवतात. मनातल्या मनात मी त्यांना मेस्त्रीच म्हणते. नोकर नाही, भागीदार नाही. एक लेथ, एक ड्रिल, पॉलिशपेपरची फिरती तबकडी, बफिंगची मोटर, भिंतीला टांगलेल्या कानशी आणि लाकडाने भरलेली मांडणी, एवढाच संसार. त्यांचा सरळ धाग्याचा, निर्दोष पाईप हजार डॉलरच्या वर जातो हे खरं. पण त्या हजारात त्यांची मजुरी शोधू गेलात तर फार थोडी हाती लागते. तुम्ही लाकडातले, म्हणून लाकडापासूनच सांगते.

भूमध्य समुद्राच्या काठच्या डोंगरांवर, म्हणजे इटलीचा कालाब्रिया आणि लिगुरिया, कॉर्सिका, सार्डिनिया, ग्रीस, अल्जेरिया या भागांत, एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप होतं. जमिनीवरचं बघाल तर सरपणापलीकडे किंमत देणार नाही. पण खोड आणि मुळं यांच्यामध्ये, मातीत, त्याचा सुरणासारखा गड्डा वाढतो. त्याच गड्ड्याच्या लाकडाला ब्रायर म्हणतात. तिकडे वणवे नेहमीचे. वरचं सगळं जळून गेलं तरी गड्डा जिवंत राहतो आणि त्यातून पुन्हा कोंब येतात. हे लाकूड घट्ट, उष्णतेला दाद न देणारं, तरी ओल शोषून घेणारं आहे. विस्तव पोटात धरायला असंच लाकूड हवं. गड्डा पाईपजोगा व्हायला तीस-चाळीस वर्षं तरी लागतात. खणून काढला की ओला ठेवायचा, नाहीतर वाळता वाळता तडकतो. मग गोल करवतीपुढचा माणूस नुसत्या नजरेने त्याचे तुकडे पाडतो. तुकडे मोठ्या हंड्यांत बारा बारा तास, कधी त्याहून जास्त, उकळून त्यातला रस काढून टाकतात आणि सावलीत कित्येक महिने वाळवतात. एवढं करून मेस्त्री विकत घेतात आणि पुन्हा काही वर्षं मांडणीवर ठेवून देतात. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने साल लिहिलेलं असतं. आजचा पाईप ज्या लाकडाचा, त्याचे पैसे कधीच गेलेले असतात. माझ्या वहीतला हा सगळ्यात अवघड खाना.

गड्ड्याच्या आतल्या भागाचे चौकोनी ठोकळे कारखान्यांकडे जातात. बाहेरच्या भागाचे, एका अंगाला साल असलेले तुकडे महाग. धागा गड्ड्याच्या मध्यापासून सालीकडे पसरत जातो, म्हणून असा तुकडा नीट धरून कोरला तर वाटीच्या चारी बाजूंनी उभ्या रेघा मिळतात आणि माथ्यावर त्याच धाग्यांची टोकं बारीक ठिपक्यांसारखी दिसतात. लोक पैसे मोजतात ते या रेघांचे.

आणि इथेच फसगत आहे. गड्डा मातीत वाढताना बारीक खडे, वाळू पोटात घेत वाढतो. बाहेरून काही कळत नाही. मेस्त्री तुकडा ओला करून, दिव्याखाली फिरवून बघतात, बोटाने ठोकून आवाज ऐकतात, पण आतलं भोक तासल्याशिवाय दिसत नाही. कधी कधी शेवटच्या पॉलिशपेपरला, पाईप जवळजवळ तयार झाल्यावर, सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका उघडा पडतो. कारखान्यात तिथे लुकण भरून वर गडद रंग देतात. मेस्त्री भरत नाहीत. ठिपका जाईपर्यंत तासतात, म्हणजे मोठ्या पाईपाचा लहान पाईप होतो. नाहीतर वाळूचा झोत मारून पृष्ठभाग खडबडीत करतात, त्यात मऊ भाग झिजून धाग्याची वळणं वर येतात. लंडनच्या डनहिलने या युक्तीचं पेटंट 1917 साली घेतलं होतं. आता ती सगळ्यांचीच झाली. असा पाईप ओढायला तसूभर कमी नसतो, पण किंमत बरीच कमी येते. तेही जमण्यासारखं नसेल तर लाकूड शेगडीत. मेस्त्री अशा वेळी एक शब्द बोलत नाहीत, कॉफी करायला उठतात.

तुम्ही म्हणाल, लेथवर चढव, वाटी कात, भोक पाड, तासाभरात काम होईल. फ्रान्समधलं सेंट-क्लोड गाव हेच करत आलं. जुरा डोंगरातलं हे गाव मुळात कातीव काम करणाऱ्यांचं. मठाच्या यात्रेला येणाऱ्यांसाठी ते लाकडी माळा आणि मूर्ती कातायचे, जसे तुमच्याकडे सावंतवाडीला खेळणी कातणारे. 1850 च्या दशकात ब्रायर त्यांच्या हाती आलं आणि गाव पाईपांची राजधानी झालं. त्यांची रीत म्हणजे आकार ठरलेला, लाकूड त्या आकारात बसवायचं.

डेन्मार्कात एका माणसाने ही रीत उलटी केली. सिक्सटेन इवार्सन, 1910 साली स्वीडनमध्ये जन्मलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो इथे कोपनहेगनमध्ये एका पाईपदुरुस्तीच्या दुकानात लागला आणि पुढे स्वतंत्र झाला. त्याने आधी बाहेरचा आकार तबकडीवर घासून काढायला सुरुवात केली, धागा नेईल तसा, आणि भोकं नंतर पाडली. त्यामुळे एका बाजूला झुकलेले, कुठल्याही साच्यात न बसणारे पाईप जगाला दिसले. हिरोयुकी तोकुतोमी जपानहून त्याच्याकडे शिकायला आले. मुलगा लार्स आणि नात नाना याच धंद्यात आले. मला विचाराल तर त्याचं मोठेपण आकारांत कमी आणि या उलट्या क्रमात जास्त आहे, कारण त्या क्रमामुळे एकटा माणूस कारखान्याच्या बरोबरीला उभा राहू शकला. यंत्र ठोकळ्याकडे बघून बेत बदलू शकत नाही.

मात्र भोक नंतर पाडायचं तर हात पक्का लागतो. वाटीचं भोक साधारण 20 मिलिमीटरचं, धुराचं 4 मिलिमीटरच्या आतबाहेर. धुराची वाट वाटीच्या अगदी तळाशी, बरोबर मधोमध उघडली पाहिजे. वर निघाली तर खालची तंबाखू ओली राहून तशीच उरते, खाली गेली तर तळ पातळ होऊन जळतो. तयार आकाराचं वाकडंतिकडं लाकूड ड्रिलपुढे धरताना मेस्त्री मला बोलू देत नाहीत.

आता नळी. बघणाऱ्याला ती दिसत नाही आणि मेस्त्रींचा अर्धा वेळ तीच खाते. ती एबोनाइटची, म्हणजे रबरात गंधक घालून कडक केलेल्या पदार्थाची. तुमचं जुनं काळं शाईपेन त्याच जातीचं. स्वस्त पाईपांना साच्यातली नळी लावतात, मेस्त्री सळईतून कापतात. वाटीकडच्या टोकाला कुसू कातायचं. ते लाकडातल्या भोकाच्या तळापर्यंत टेकलं नाही आणि मध्ये पोकळी राहिली, तर तिथे धुराची वाफ पाणी होऊन साचते आणि पाईप गुडगुडतो. तोंडाकडे नळी चपटी करत न्यायची, इतकी की दातांमध्ये जेमतेम 4 मिलिमीटर जाडी उरते, आणि त्या 4 मिलिमीटरमध्ये हवेची वाट रुंद पसरलेली हवी. गोल भोकाची ही चपटी फट करायला बारीक कानशी आणि पातळ पाती लागतात, काम सगळं अंदाजाने. शेवटी दातांना धरायला कड ठेवायची, तीही टोचता कामा नये. कापूस गुंडाळलेली तार तोंडाकडून आत सोडली की कुठेही न अडता थेट वाटीत निघाली पाहिजे. गिऱ्हाईक धाग्यावर भाळून पहिला पाईप घेतं, दुसऱ्याला परत येतं ते नळीमुळे. उन्हात ठेवली तर हीच सुंदर काळी नळी हिरवट पडते, मग तक्रारीची पत्रं येतात, त्यांना उत्तरं मी लिहिते.

रंगाचं थोडक्यात सांगते. स्पिरिटमधला गडद रंग आधी देतात, घासून काढतात, मऊ धाग्यात तो मुरून राहतो, मग वर तांबडा किंवा पिवळसर. शेवटी ब्राझीलच्या ताडपानांचं कार्नोबा मेण बफवर. तुमची लाख आणि केवड्याचं पान इथे चालायचं नाही. लाख तापून नरम पडेल आणि लाकडाचा श्वास कोंडेल.

एवढ्याने पाईप झाला, पण विकलेला नाही. दुकानदारामार्फत दिला तर मोठा वाटा त्याचा. स्वतः विकायचा तर प्रत्येकाचे सगळ्या बाजूंनी फोटो, पत्रव्यवहार, पॅकिंग, कस्टमचे कागद. डॅनिश गिऱ्हाइकाच्या बिलावर 25 टक्के व्हॅट चढतो. पण गिऱ्हाइकं आता इथे राहिलीत कुठे! 2007 च्या कायद्याने बंद जागेतलं धूम्रपान जवळपास उठलं, आणि पाईप त्याआधीच म्हाताऱ्यांचा झाला होता. स्टॅनवेल ही इथली मोठी कंपनी. 1942 मध्ये, युद्धामुळे ब्रायर मिळेना तेव्हा, बीच लाकडाचे पाईप करून सुरू झालेली. तिचा इथला कारखाना 2010 च्या आसपास बंद झाला आणि काम इटलीला गेलं. मेस्त्रींचा माल अमेरिकेत आणि चीनमध्ये जातो. शिकागोजवळ दर वर्षी पाईपवाल्यांचा मेळा भरतो, तिथे गेलं की विमानाचे पैसे वसूल व्हायची पंचाईत, न गेलं की लोक विसरतात. बेभरवशाच्या महिन्यांत घरभाडं निघतं ते दुरुस्तीवर: कुणाची नळी चावून फुटलेली, कुणाचं कुसू मोडलेलं. मेस्त्रींना ही कामं आवडत नाहीत. मला वहीत तीच आवडतात.

स्वतंत्र कारागीर म्हणजे मनाचा राजा, असं तुम्हाला वाटतं ते एका अर्थी खरं आहे. कारखान्यातल्या माणसाला वाईट निघालेला ठोकळा फेकून द्यायचा अधिकार नसतो. मेस्त्रींना आहे, आणि दर वेळी त्याचे पैसे तेच भरतात. हजार डॉलर म्हणतात ते हेच.

एक गोष्ट खटकते ती लिहून टाकते. पाईपवाले धूर छातीत ओढत नाहीत म्हणून पाईप निरुपद्रवी, असं इथे अजून म्हणतात. ओठ, जीभ, तोंड यांचा कर्करोग त्यानेही होतो. मिश्री आणि गुटख्याने आपल्याकडे काय केलं ते तुम्ही पाहिलंय. मेस्त्रींनी स्वतः डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडला, नवा पाईप आता ते रिकामाच ओढून हवा कशी येते ते बघतात. मी हिशोब लिहिते, पण हातातली वस्तू कशासाठी आहे हे विसरता येत नाही.

आता वासूचं. तो नोकरी सोडून तुमच्या लेथवर पाईप करून परदेशी विकणार म्हणतो, असं मामींनी फोनवर सांगितलं. त्याला म्हणावं, पांगाऱ्याच्या लाकडावर हा प्रयोग करू नकोस, निखाऱ्यापुढे ते टिकायचं नाही. ब्रायर मागवावं लागेल, आणि पहिल्या खोक्यातलं बरंच शेगडीत घालायची तयारी लागेल. नोकरी सोडायची नाही. मास्क लावल्याशिवाय घासायला बसायचं नाही, लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातली आहे. आणि वाटीला हात लावायच्या आधी एबोनाइटची नुसती एक नळी कापून मला पाठव म्हणावं. मेस्त्री ती दातांत धरून जे सांगतील ते मी गोड न करता कळवीन.

मामींना नमस्कार, वासूला आशीर्वाद.

तुमची भाची,
सुमन