सवागी, बांबू आणि बोली

खनिजशास्त्राशी आमचा संबंध तसा दूरचा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात मराठी शिकवण्यात आमची वर्षे गेली, आणि कोळसा, लोहखनिज व चुनखडी यांचा उल्लेख झाल्यावाचून येथील कोणतेही सार्वजनिक भाषण पुरे होत नाही, एवढ्यापुरताच तो. तरीही साहित्याच्या वर्गवारीचा प्रश्न निघाला, 'ग्रामीण', 'प्रादेशिक', 'बोलीतील' असे कप्पे समोर आले, की आम्हांला बोरेट खनिजांची आठवण होते. वर्गीकरण म्हणजे नेमके काय, हे समीक्षेच्या ग्रंथांइतकेच या खनिजांनी आम्हांला शिकवले आहे.

सिंहलाइट हे त्यांतले एक दुर्मीळ खनिज. श्रीलंकेच्या रत्नवाहक वाळूत ते सापडते. रंग पिवळट तपकिरी, काठिण्य साडेसहा ते सात. कित्येक वर्षे जवाहिरे आणि संग्रहालये त्याला तपकिरी पेरिडॉट, म्हणजे ऑलिव्हिन या सिलिकेटाचा एक प्रकार, समजत होती. १९५२ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील क्लॅरिंगबुल आणि हे या दोन शास्त्रज्ञांनी त्याची क्ष-किरणांनी व रासायनिक रीतीने तपासणी केली, तेव्हा ते सिलिकेट नसून मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम यांचे बोरेट असल्याचे ठरले. 'सिंहल' या संस्कृत नावावरून त्याचे बारसे झाले. गंमत अशी, की त्याच्या स्फटिकाची मांडणी खरोखरच ऑलिव्हिनसारखी आहे. ऑलिव्हिनमध्ये जेथे सिलिकॉन बसतो तेथे येथे बोरॉन बसला आहे, इतकेच. म्हणजे जवाहिऱ्यांना दिसलेले साम्य अगदीच खोटे नव्हते. रचना पाहिली तर ते ऑलिव्हिनचे भावंड, घटक पाहिले तर बोरेटांच्या घरचे. वर्ग कोणत्या निकषावर पाडायचा हे आधी ठरवावे लागते; खनिज स्वतः ते सांगत नाही.

याच बोरेट वर्गातले दुसरे टोक आपल्या परिचयाचे आहे. सोनाराच्या पेटीतला टाकणखार, म्हणजेच सवागी. लडाखच्या पुगा खोऱ्यात आणि तिबेटच्या खाऱ्या सरोवरांकाठी तो मिळतो. काठिण्य जेमतेम दोन-अडीच, वजनाला हलका, पाण्यात विरघळणारा. कोरड्या हवेत उघडा ठेवला तर अंगचे पाणी गमावून पांढुरका होतो. तापवला की फुगतो, मग वितळून काचेसारखा होतो, आणि त्या अवस्थेत धातूंवरची ऑक्साइडे स्वतःत विरघळवून घेतो. म्हणून सोन्याचा डाग स्वच्छ बसतो. प्रयोगशाळेत त्याच काचेचा मणी कोबाल्टाने गर्द निळा होतो, मँगनीजने जांभळा. दुसऱ्याची ओळख पटवून देणारा हा क्षार स्वतःच्या ओळखीबाबत मात्र बराच काळ अर्धवट समजला गेला होता. त्याच्या सूत्रात पाण्याचे दहा रेणू लिहिण्याची जुनी रीत होती. स्फटिकाची रचना उलगडली तेव्हा कळले, की पाणी म्हणून आठच रेणू आहेत. उरलेल्या दोहोंचा अंश हायड्रॉक्सिल गटांच्या रूपाने बोरॉनशीच बांधला गेला आहे.

शास्त्रज्ञांनी या मंडळींना कोठे बसवले, तेही पाहण्याजोगे आहे. ह्यूगो स्ट्रुन्झ यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेली वर्गीकरणपद्धती पुढे जगभर रूढ झाली. तीत बोरेटे दीर्घकाळ कार्बोनेटे व नायट्रेटे यांच्या शेजारी एकाच वर्गात नांदत होती. २००१ च्या आवृत्तीत त्यांना स्वतंत्र वर्ग मिळाला. आपल्या रसशास्त्राने टंकणाला सज्जीखार व यवक्षार यांच्यासोबत 'क्षारत्रय' या गटात ठेवले होते. तेथे निकष रचनेचा नव्हता, कार्याचा होता. त्याच परंपरेत टंकणाला 'सौभाग्य' असेही नाव आहे. हिंदीतला 'सुहागा' आणि आपली 'सवागी' ही त्याचीच लेकरे. धातूचा धातूशी संयोग घडवून आणणाऱ्या पदार्थाला सौभाग्य म्हणणे ही वर्गवारीच आहे, आणि आमच्या मते ती काव्याच्या फार जवळची आहे.

येथवर सारे निरुपद्रवी वाटेल. सिंहलाइटाला कोणत्याही वर्गात घातले तरी त्याचे काही बिघडत नाही. पण आमच्या जिल्ह्यात वर्गवारीने पोट भरते किंवा मारले जाते. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत मानते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने मात्र त्याची गणना झाडांत केली. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यालाच गौण वनोपज म्हटले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना कोणी द्यायचा हा वाद उरलाच. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि तो अधिकार ग्रामसभेकडे गेला. बांबूचे एक पेरही बदलले नव्हते. बदलला होता कप्पा. पुढे २०१७ मध्ये, केवळ वनेतर जमिनीपुरते, बांबूला कायद्याने झाडांतून वगळले.

आता आमच्या वर्गखोलीकडे येतो. येथील विद्यार्थी झाडीबोलीत वाढलेला असतो. त्याच्या घरी 'पाणी' नसते, 'पानी' असते. टाकणखाराचा 'ण' त्याच्या तोंडी सहजपणे 'न' होतो. उत्तरपत्रिकेत त्याखाली लाल रेघ येते. झाडीपट्टीच्या नाटकांना रात्र-रात्र हजारो प्रेक्षक बसतात, त्या रंगभूमीला आपल्या अभ्यासक्रमांत 'लोककला' या कप्प्यात जागा मिळते, 'नाटक' या कप्प्यात क्वचितच. प्रमाणभाषा नको असे आम्ही म्हणत नाही. परीक्षेला एक समान माप लागते, हे आम्हांला मान्य आहे. पण 'प्रमाण' हे माप वापरण्याच्या सोयीचे नाव आहे, पदार्थाच्या गुणाचे नव्हे. 'पानी' हे अशुद्ध 'पाणी' नव्हे. ते दुसऱ्या निकषावर पूर्णपणे शुद्ध असलेले रूप आहे. या दोन विधानांतला फरक शिक्षकाला कळला नाही, तर विद्यार्थी आपल्या आईच्या बोलण्यालाच चूक समजू लागतो, आणि मग तो लिहीतच नाही.

क्लॅरिंगबुल आणि हे यांनी सिंहलाइटावर उपकार केले नाहीत. समोरची वस्तू लेबल बाजूला ठेवून पुन्हा तपासली, एवढेच. समीक्षकाकडून आणि मराठीच्या अध्यापकाकडून याहून अधिक अपेक्षा आम्ही करत नाही. कप्पे राहणारच. फक्त कप्प्यावर वर्गाच्या नावाशेजारी निकषाचेही नाव लिहिलेले असावे, म्हणजे पुढच्या माणसाला तो बदलता येईल.