काढलेलं रक्त

खर्ड्याच्या किल्ल्याजवळच्या वस्तीवरची एक आजी आमच्या आयसीयूत होती. आधी न्यूमोनिया, मग रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. सहाव्या दिवशी तिच्या सुनेनं मला दारातच गाठलं. "सिस्टर, रोज रगात काढताय आन् रोज म्हणताय रगात कमी हाय. आसं कसं वो?"

मीही खर्ड्याचीच. आमच्या तालुक्याच्या गावी, जामखेडला, 1970 साली डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं, गावच्या बायकांनाच आरोग्याचे धडे दिले. रक्त कमी म्हणजे काय, हे आमच्याकडच्या बाईला समजावावं लागत नाही. तरी मी "तपासणीपुरतंच घेतो हो" म्हणून पुढे गेले. ते अजून सलतं.

त्या रात्री मोजलं. जांभळ्या, लाल, निळ्या टोपणाच्या नळ्या; दर सहा तासांनी एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी. धमनीतल्या लाइनमधून नमुना घेताना आधी येणारं सलाइन मिसळलेलं रक्त आम्ही टाकून देत होतो, दर खेपेला चार-पाच मिलिलिटर. दिवसाचे पन्नास झाले. आठवड्याचे साडेतीनशे, म्हणजे रक्तपेढीची एक पिशवी.

धडधाकट माणूस एवढं भरून काढतो. आजारी शरीराला ते जमत नाही. जंतुसंसर्गात यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि लोह असूनही कोठारात अडकून पडतं. रक्तपेशी बनवायला सांगणारा, मूत्रपिंडाकडून अस्थिमज्जेला जाणारा एरिथ्रोपोएटिनचा निरोपही क्षीण होतो. नातेवाईक डाळिंबाचा रस आणतात, त्यांना हे सांगताना जीव तुटतो.

पूर्वी हिमोग्लोबिन 10 च्या खाली गेलं की पिशवी लागायची. कॅनडातल्या हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये 838 रुग्णांचा अभ्यास मांडला. 7 पर्यंत थांबलेले रुग्ण मागे पडले नव्हते. रक्तस्राव किंवा हृदयाचा ताजा झटका असेल तर हिशोब वेगळा. एरवी डॉक्टर आता थांबतात.

पण बाहेरून रक्त कधी द्यायचं हा त्यांचा निर्णय. आतलं किती राखायचं, ते बरंचसं माझ्या हातात. लहान मुलांच्या नळ्या मी मोठ्यांनाही वापरते. बंद पद्धतीची लाइन असेल तर आधीचं रक्त परत आत जातं. दोन तपासण्या एकाच टोचणीत बसवते. "ही आजच हवी का, सर?" हे विचारायला मात्र मला बरीच वर्षं लागली.

नव्या मुलींना सांगते, लघवी तासातासाला मिलिलिटरमध्ये लिहिता ना, मग काढलेलं रक्तही त्याच चार्टवर लिहा. काल रात्री चार नंबरच्या बेडपुढे 11 लिहिलं होतं.