भुकटीचा लेप

वर्धेच्या कांठीं, बल्लारपुरास, पावसाळ्यांत लोखंड लवकर गंजतें. आमच्या नातवानें सायकलीच्या सुट्या भागांस घरींच ‘पावडर कोटिंग’ करण्याचें मनांत घेतलें. विद्या मौजेची खरी! रंगाच्या कोरड्या भुकटीस विद्युद्भार देतात. अर्थिंग केलेल्या लोखंडास ती आपोआप चिकटते आणि सुमारें २०० अंश सेल्सियस उष्णतेंत वितळून एकसंध होते. कल्हईवाला नवसागरानें भांडें आधीं निर्मळ करतो, तसेंच येथें. तेल वा गंज राहिला कीं लेप सुटतो. हवेंत उडालेल्या भुकटीवर ठिणगी पडल्यास भडकाही होतो. परंतु सूनबाईंच्या नानकटाईच्या ओव्हनवर त्याची दृष्टि जातांच मीं स्पष्ट नकार दिला. ज्या भट्टींत भुकटी भाजली, तींत पुन्हां अन्न शिजवूं नये. आतां भंगारांतला जुना ओव्हन ओसरीवर आला आहे. सूनबाई त्याकडे अद्याप संशयानेंच पाहतात.