तसबिरीस बसतांना

फोटो काढल्यानें आयुष्य घटतें, ही समजूत आमच्या बहुतेक वाचकांनीं आजीच्या नाहीं तर पणजीच्या तोंडून ऐकिली असेल. ती केवळ आडगांवच्या भाबड्या माणसांची होती असें मात्र कोणी समजूं नये. आमच्या नाशिक जिल्ह्यांतच, त्र्यंबकेश्वरीं, १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं छायाचित्रणाचा धंदा करीत. बडोद्यासारख्या राजधानींत त्यांचा तो धंदा नीट चालेना. कारण कॅमेरा माणसाच्या अंगांतील शक्ति शोषून घेतो व त्यामुळें मरण ओढवतें, अशी आवई शहरांत उठली होती. गोध्र्याच्या प्लेगांत १९०० सालीं ज्यानें पत्नी व मूल गमाविलें, त्याच्याच यंत्राला लोकांनीं प्राणघातक म्हणावें, हा दैवदुर्विलासच नव्हे काय?

ती भीति आतां गेली. आमच्या विंचुरास आज घरोघरीं मोबाइल आहेत, आणि लासलगांवास कांदा घेऊन निघालेला ट्रॅक्टरवाला देखील वाटेंत चार वेळां स्वतःचें चित्र टिपतो. परंतु तोच मनुष्य पैसे मोजून, रीतसर, छायाचित्रकारासमोर स्टुलावर बसला म्हणजे त्याचें कसें होतें पाहा! मान ताठ, खांदे कानांशीं, मुठी आवळलेल्या. आणि 'हसा' म्हणतांच ओठ तेवढे ताणले जातात, डोळे मात्र घाबरलेलेच. नोकरीचा अर्ज, कचेरीचें ओळखपत्र, सोयरिकीचें टिपण, यांसाठीं असलीं चित्रें आतां प्रत्येक घरास लागतात, आणि त्यांतील बहुतेकांत मनुष्य स्वतःसारखा दिसत नाहीं.

या ताठरपणास इतिहास आहे. १८३९ सालीं दागेर याची युक्ति जगापुढें आली तेव्हां एका चित्रास मिनिटेंच्या मिनिटें लागत. पुढें वेळ बराच घटला, तरी बसणाऱ्यानें हलूं नये म्हणून मानेमागें लोखंडी टेकू लावीत. इतका वेळ हसूं टिकवून धरणें कोणास साधावें? तोंड मिटून गंभीर बसणें हाच सोयीचा मार्ग. १८७१ नंतर कोरड्या कांचांची युक्ति निघाली व थोड्याच वर्षांत क्षणाच्या अंशांत चित्र उमटूं लागलें. टेकू गेला, पण आमच्या मानेंत तो अजून आहे.

म्हणून त्या जुन्या काळांतही ज्यांनीं भिंगापुढें स्वतःस हरवूं दिलें नाहीं, त्यांचें आम्हांस विशेष वाटतें. आमच्या गांवचे सरदार विंचूरकर यांच्या पुण्याच्या वाड्यांत १८९२ च्या सुमारास लोकमान्य टिळक राहत. तेथें एक अनोळखी संन्यासी त्यांचा पाहुणा म्हणून कांहीं दिवस उतरला होता. पुढल्याच वर्षीं, सप्टेंबर १८९३ मध्यें, शिकागोस थॉमस हॅरिसन याच्या चित्रशाळेंत त्या संन्याशाची तसबीर निघाली, आणि आज ती ठाऊक नाहीं असें घर विरळा. स्वामी विवेकानंदांच्या त्या चित्रांत दोन्ही हात छातीवर बांधलेले आहेत. आमच्या मतें चित्राचें निम्में बळ त्या हातांत आहे. हातांस जागा मिळाली कीं बाकीचें शरीर आपोआप स्वस्थ होतें.

दुसरें चित्र फिलाडेल्फियाचें, ऑक्टोबर १८८५ मधील. डॉक्टरकी शिकणाऱ्या तीन विद्यार्थिनी, जपानची केई ओकामी, दमास्कसची साबात इस्लांबूली व आमच्या आनंदीबाई जोशी, आपापल्या देशींच्या वेषांत शेजारीं शेजारीं बसल्या आहेत. आनंदीबाईंचें वय तेव्हां वीस. पुढें दीड वर्ष पुरतें झालें नाहीं तोंच, फेब्रुवारी १८८७ मध्यें, त्या वारल्या. 'मला नको बाई फोटो' असें त्यांनीं त्या दिवशीं म्हटलें असतें तर?

आमच्या आजीनें तसें म्हटलें. तिचें एकच चित्र घरांत आहे, आणि त्यांत तिचा चेहरा नाहीं. आत्याच्या लग्नांतील त्या समूहचित्राच्या कडेस एक कोपर, दोन पाटल्या, हिरव्या बांगड्या व पदराचें टोंक दिसतें. बाकी आजी चौकटीबाहेर पळालेली. ती गेली तेव्हां आम्हीं सारीं कपाटें धुंडाळलीं. आज आमच्या मुलांस पणजी म्हणून आम्ही एक कोपर दाखवितों.

त्यामुळें गेल्या मार्गशीर्षांत धाकट्या काकूंच्या पंचाहत्तरीस नाशिकाहून छायाचित्रकार बोलाविला, तेव्हां त्यास आम्हीं आधींच विनविलें कीं, 'हसा' हा शब्द उच्चारूं नये. काकू येवल्याची पैठणी नेसून खुर्चींत बसल्या आणि लागलीच देवीच्या मुखवट्यासारख्या झाल्या. शिवाय दिव्याच्या झोतांत पदराचा जरीकांठ इतका चमके कीं चेहरा फिका पडे. शेवटीं आमच्या सुनेनें खुर्ची माजघरांतील खिडकीपाशीं नेली, काकूंस रोजचें सुती लुगडें नेसूं दिलें व पुढ्यांत तांदुळाचें ताट ठेविलें.

"अगं सूनबाई, फोटोंत का कोणी तांदूळ निवडतं?" काकू कुरकुरल्या. पण बोटें कामास लागलीं तसे खांदे खालीं आले. छायाचित्रकार शहाणा होता. तो सहा-सात फुटांवर उभा राहिला. अगदीं जवळून घेतलेल्या चित्रांत नाक पुढें येतें व कान मागें दडतात, हें मोबाइलवाल्यांस सांगावयास नको. अंग थोडें तिरपें, हनुवटी किंचित् पुढें व खालीं, एवढेंच त्यानें सांगितलें, आणि मग काकूंस माहेर विचारिलें. उत्तर अर्ध्यावर असतांना, श्वास सुटतां सुटतां निघालेलें चित्र आम्हां सर्वांच्या पसंतीस उतरलें. कचेरीच्या चित्रांत हात दिसत नाहींत, म्हणून ते रिकामे ठेवावे असें थोडेंच आहे? आमच्या पुतण्यानें त्याच दिवशीं मांडीवर क्रिकेटचा चेंडू धरून आपलें चित्र काढविलें. त्यांत दिसतो तो एक निश्चिंत अभियंता.

काकूंस मात्र स्वतःचें चित्र पटलें नाहीं. "ही मी नव्हेच," त्या म्हणाल्या. घरचीं माणसें 'हुबेहूब' म्हणत होतीं. दोघांचेंही खरें. आपण स्वतःस जन्मभर आरशांत पाहतों, म्हणजे उजवें तें डावें असें. नाकाचा कल, ओठांची मुरड, सर्व उलट. १९७७ सालीं अमेरिकेंत विस्कॉन्सिन-मिल्वॉकी विद्यापीठाच्या संशोधकांनीं स्त्रियांस त्यांचेंच चित्र सुलट व उलट असें दोन परींनीं दाखविलें, तेव्हां त्यांचा स्वतःचा कौल बहुधा उलट चित्रास, तर मैत्रिणींचा सुलट चित्रास पडला. आपल्या तसबिरीचा निवाडा घरच्यांवर सोंपवावा, असें आम्ही म्हणतों तें याकरितां.

चित्र मोठें करून आणलें. आतां टांगावें कोठें? दिवाणखान्याच्या भिंतीवर आजोबा, पणजोबा आणि हार. "मी जाईन तेव्हां लावा तिथं," असें म्हणून काकूंनीं साफ नकार दिला. चार दिवस तें कपाटावर पडून होतें. पांचव्या दिवशीं पाहतों तों स्वयंपाकघरांत, दिनदर्शिकेच्या शेजारीं, खिळा ठोकवून काकूंनीं तें स्वतःच लावून घेतलें होतें. फोडणीच्या धुरांत तेथें कोणी हार घालावयास येणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें.