समतेचा सराव

विपश्यना म्हणजे आपल्याच शरीरावर उमटणाऱ्या संवेदना तटस्थपणे पाहण्याची साधना. तिच्यात मंत्र नाही, मूर्ती नाही, मनाने रंगवायचे चित्रही नाही. साधक डोळे मिटून बसतो, श्वासाच्या आधाराने मन स्थिर करतो आणि मग डोक्यापासून पायांपर्यंत अंगाचा एकेक भाग तपासत जातो. कुठे उष्णता असते, कुठे मुंग्या, कुठे ठणका, कुठे काहीच जाणवत नाही. जे आहे ते जाणायचे आणि त्याला आवडीनिवडीचा प्रतिसाद द्यायचा नाही, एवढीच कृती. ती सांगायला दोन वाक्ये पुरतात, अंगवळणी पडायला मात्र वर्षे लागतात. म्हणून ही सरावाने येणारी विद्या आहे असे समजूनच तिच्याकडे वळावे.

दीघनिकायातील महासतिपट्ठान सुत्त हा या साधनेचा मूळ आधार. काया, संवेदना, चित्त आणि धम्म या चार अंगांनी जागरूकता कशी ठेवायची, याचे मार्गदर्शन त्यात आहे. ब्रह्मदेशात लेडी सयाडो (१८४६–१९२३) या विद्वान भिक्खूंनी ही साधना गृहस्थांना शिकवण्यास उत्तेजन दिले. त्यांचे शिष्य सया तेतजी शेतकरी होते. तेतजींचे शिष्य सयाजी ऊ बा खिन स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल झाले आणि सरकारी कामाचा भार वाहतच त्यांनी १९५२ मध्ये रंगूनला ध्यानकेंद्र उभारले. घर, शेती, कचेरी सांभाळणाऱ्या माणसांच्या हातून ही परंपरा पुढे आली आहे. संसारी माणसाला ती परकी वाटत नाही, याचे एक कारण हेच.

ऊ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ मध्ये मंडाले येथे मारवाडी व्यापारी कुटुंबात झाला. ऐन तारुण्यात त्यांना अर्धशिशीने ग्रासले. झटका आला की मॉर्फिनचे इंजेक्शन घ्यावे लागे आणि त्या औषधाचीच सवय जडण्याची भीती होती. परदेशातल्या डॉक्टरांकडूनही इलाज झाला नाही, तेव्हा ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले. डोकेदुखी बरी करण्यासाठी यायचे असेल तर येऊ नका, असे ऊ बा खिन यांनी त्यांना स्पष्ट सांगितले. मनातील विकार दूर करणे हा साधनेचा हेतू. शरीराचा आजार त्या ओघात गेला तर जाईल, पण तेवढ्यासाठी ही विद्या नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गोयंकांनी ते मान्य केले आणि १९५५ मध्ये पहिल्या शिबिराला बसले. त्यांची अर्धशिशी पुढे बरी झाली. पण गुरूंनी आरंभीच घातलेली ती अट त्या बरे होण्याहून महत्त्वाची आहे. ध्यानातून स्वास्थ्य मिळते कसे, याचे उत्तर तिच्यात दडलेले आहे.

चौदा वर्षे गुरूंजवळ साधना करून गोयंका १९६९ मध्ये भारतात आले आणि त्याच वर्षीच्या जुलैत मुंबईत त्यांनी पहिले शिबिर घेतले. १९७६ मध्ये कसारा घाटमाथ्यावरच्या इगतपुरीत धम्मगिरी केंद्र सुरू झाले. आज महाराष्ट्रात नाशिक, पुणे, कोल्हापूर, नागपूर अशा अनेक ठिकाणी केंद्रे आहेत. मुंबईत गोराईला उभा असलेला, आत एकही खांब नसलेला विशाल पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला. शिबिराला शुल्क नसते. आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून पुढच्या साधकांच्या जेवणाखाणाचा आणि निवासाचा खर्च निघतो, आणि सेवाही तेच देतात. विकत घेतले नाही, तर कुणाच्या तरी दानातून मिळाले, ही जाणीव साधकाला पहिल्या दिवसापासून थोडी नम्र करते.

दहा दिवसांच्या शिबिराची दिनचर्या कडक असते. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला ध्यान सुरू होते, साडेसहाला न्याहारी, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा व थोडे खाणे, सातला प्रवचन आणि साडेनऊला दिवे मालवतात. दिवसाकाठी सुमारे दहा तास बैठक होते. हिंसा, चोरी, खोटे बोलणे, कामाचार आणि नशा यांपासून दूर राहण्याचे पंचशील पाळावे लागते. फोन, वही, पुस्तक, पूजा, माळ सारे बाजूला ठेवायचे. आर्यमौनात वाणी तर थांबतेच, शेजाऱ्याशी हावभाव आणि खाणाखुणाही थांबतात. अडचण आली तर धम्मसेवकाशी आणि साधनेविषयी सहायक आचार्यांशी तेवढे बोलता येते. या सगळ्या नियमांमागे एकच व्यवस्था आहे. मन नेहमी ज्या वाटांनी पळ काढते त्या दहा दिवसांपुरत्या बंद केलेल्या असतात.

पहिले साडेतीन दिवस आनापान चालते. नाकपुड्यांच्या दाराशी येणारा-जाणारा श्वास जसा असेल तसा जाणायचा. खोल असेल तर खोल, उथळ असेल तर उथळ. तो मुद्दाम लांबवायचा नाही, मोजायचा नाही, त्याला शब्दही जोडायचा नाही. हळूहळू लक्ष नाकपुड्यांखालच्या आणि वरच्या ओठावरच्या लहानशा जागेवर आणले जाते आणि तिथली सूक्ष्म संवेदना पकडायची असते. नवा साधक पहिल्याच तासात अस्वस्थ होतो. दहा श्वासही सलग पाहता येत नाहीत हे त्याच्या ध्यानात येते. मन जुन्या भांडणात जाते, उद्याच्या हिशेबात जाते, न घडलेल्या प्रसंगांत जाऊन उत्तरे देत बसते. इथले पहिले कौशल्य म्हणजे भटकलेले मन न रागावता परत आणणे. स्वतःवर चिडून परत आणलेले मन पुन्हा चिडण्याचाच सराव करते. शांतपणे परत आणलेले मन शांततेचा सराव करते. झोप येऊ लागली तर काही श्वास जरा जोराने घ्यावेत, डोळे क्षणभर उघडावेत, चार पावले चालून यावे. मन फार खवळले तरीही काही श्वास किंचित जोराचे घ्यावेत आणि ते निवले की पुन्हा नैसर्गिक श्वासावर यावे.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना दिली जाते. टाळूपासून पायांच्या बोटांपर्यंत क्रमाने, एकही भाग न गाळता मन फिरवायचे. जाडसर, जड, दुखऱ्या संवेदना आधी कळतात. कपडा टेकल्याची, घामाची, नाडीच्या ठोक्याची सूक्ष्म जाणीव पुढे येते. नंतर मन पायांपासून डोक्याकडेही न्यायचे असते, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय एकाच वेळी तपासायचे असतात. याच दिवसापासून अधिष्ठानाच्या बैठका सुरू होतात. दिवसातून तीन वेळा तासभर डोळे न उघडता, हात-पाय न हलवता बसण्याचा निश्चय साधक करतो.

अधिष्ठानात गुडघा पेटतो, आणि खरे शिक्षण तिथेच होते. दुखणे हा एकसंध गोळा आहे असे आधी वाटते. नीट पाहिले की त्याचे दोन घटक सुटे होतात. एक प्रत्यक्ष संवेदना: ताण, उष्णता, दाब, ठणक, आणि तिची क्षणोक्षणी बदलणारी तीव्रता. दुसरा मनाचा विरोध: हे कधी संपणार, पाय कायमचा अधू तर होणार नाही ना, शेजारचा कसा निवांत बसला आहे. बुद्धाच्या प्रतीत्यसमुत्पादाच्या विचारात संवेदनेपासून तृष्णा उपजते असे सांगितले आहे, आणि दुःखाची साखळी या एकाच सांध्यावर तुटू शकते. संवेदना होणे आपल्या हाती नाही, पण तिच्यामागोमाग मन जे धावते ते थांबवता येते. हे वाचून पटते, पण उपयोगी पडते ते बैठकीत अनुभवल्यावरच. दुखरा गुडघा तसाच असताना त्याविषयीची तक्रार विरून गेली, असा एखादा क्षण येतो, आणि सहन करणे व समतेने पाहणे यांतला फरक साधकाला तेव्हा कायमचा कळतो. दात-ओठ खाऊन तास ओढणे ही समता नव्हे. दुखणे खरोखर असह्य झाले तर बैठक बदलण्याची मुभा आहे, आणि वृद्धांना वा अधू व्यक्तींना खुर्चीही मिळते.

दुखण्यापेक्षा अवघड परीक्षा सुखाची असते. काही बैठकांत सर्वांगावर सूक्ष्म स्पंदनांचा प्रवाह वाहू लागतो, शरीर हलके होते, तास कसा गेला कळत नाही. दुसऱ्या दिवशी साधक तेच सुख शोधत बसतो, ते मिळत नाही आणि तो निराश होतो. सुखद संवेदनेचा लोभ आणि दुःखद संवेदनेचा द्वेष ही एकाच सवयीची दोन रूपे आहेत. म्हणून बैठक चांगली झाली की वाईट, हे संवेदनेवरून ठरवू नये. समता किती टिकली, हाच एक निकष.

याच जागी स्वास्थ्य आणि आत्मशोध यांची गाठ पडते. राग आधी विचारात दिसतो असे आपण मानतो. प्रत्यक्षात छातीतली धग, जबड्याचा ताण, आखडलेला श्वास ही त्याची पावले आधीच पडलेली असतात. ती ओळखता येऊ लागली की शब्द तोंडातून निघण्याआधी थोडा अवकाश मिळतो. भीती, मत्सर, जुना अपमान, मृताविषयीची हुरहूर यांचेही तसेच. मौनात बसले की अनेक वर्षे बाजूला सारलेल्या गोष्टी वर येतात. त्यांची मीमांसा करत बसायचे नसते. त्या वेळी अंगावर काय चालले आहे ते पाहायचे असते. हळूहळू साधकाला स्वतःची ओळख पटते ती प्रतिक्रियांच्या ठरलेल्या वळणांची. आपण रागीट आहोत, आपण दुबळे आहोत असे जे पक्के वाटत होते, ते पुन्हा पुन्हा उठणारे आणि विरणारे संस्कार आहेत असे दिसते. जे अनित्य दिसते त्याच्याशी मन घट्ट बांधलेले राहत नाही. मनाचे बरे होणे म्हणतात ते बहुतांशी हेच बंधन सैल होणे.

आधुनिक वैद्यकानेही या क्षेत्राकडे लक्ष दिले आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत दीर्घकालीन दुखण्याने त्रासलेल्या रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला; अंगभर लक्ष फिरवण्याचा सराव त्यात आहे. पुढे याच धर्तीवर नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून उपचारपद्धती तयार झाली. २०१४ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये ४७ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाच्या कार्यक्रमांमुळे थोडा उतार पडल्याचा मध्यम बळाचा पुरावा त्यात आढळला. औषधे, व्यायाम किंवा इतर मानसोपचारांपेक्षा ध्यान सरस ठरते असा पुरावा मात्र मिळाला नाही. साधकांनी हा निष्कर्ष मनापासून स्वीकारावा. ध्यान ही मदत आहे, औषधाला पर्याय नाही.

धोकाही समजून घेतला पाहिजे. दीर्घ मौन आणि सतत अंतर्मुखता यांनी काहींची चिंता वाढते, झोप उडते, जुने आघात अनावर होऊन वर येतात. गंभीर मानसिक विकार असलेल्यांना दहा दिवसांचे शिबिर योग्य नाही, हे शिबिराच्या नियमावलीतच नमूद आहे. अर्जात आजार आणि औषधे लपवू नयेत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नयेत, आणि तोल सुटतो आहे असे वाटले तर लगेच आचार्यांना सांगावे. अशा व्यक्तीला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे हाच धर्म.

दहाव्या दिवशी मंगल मैत्री शिकवली जाते. आपल्याला लाभलेली शांती सर्वांना लाभो, या भावनेने मन भरायचे, आणि मग मौन सुटते. या क्रमालाही अर्थ आहे. स्वतःच्या मनातली धग निवलेली असेल तरच दुसऱ्याविषयीची सदिच्छा टिकते. तिहार तुरुंगात १९९४ च्या एप्रिलमध्ये हजाराहून अधिक कैद्यांनी एकत्र शिबिर केले, तेव्हा किरण बेदी तिथल्या प्रमुख होत्या. ज्यांच्यापाशी पश्चात्तापाचे आणि सूडाचे मोठे ओझे होते अशा माणसांसाठीही ही साधना कामाची ठरू शकते, हे त्या प्रयोगातून पुढे आले.

शिबिर ही केवळ सुरुवात आहे. घरी परतल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे, अशी सूचना असते, आणि बहुतेकांचा सराव तिथेच तुटतो. तास जमत नसेल तर अर्धा तास बसावे, पण रोज बसावे. वेळ आणि जागा ठरलेली ठेवावी. आठवड्यातून एकदा गावातल्या सामूहिक साधनेला जावे. प्रगती अनुभवांच्या नवलाईत शोधू नये. घरात बोलण्याचा कडवटपणा कमी झाला का, झालेली चूक लवकर ध्यानात येते का, दुखावलेले मन पूर्वीपेक्षा लवकर सावरते का, हे तपासावे. ज्याला आपले मन जाणून घ्यायचे आहे त्याने एकदा दहा दिवस काढून, पूर्ण नियम पाळून बसावे, आणि पुढचा निर्णय स्वतःच्या अनुभवावर घ्यावा.