डोंगल फेकू नका

प्रिंटरच्या पोर्टला खोचलेलं, काडेपेटीएवढं डोंगल. श्री-लिपीसारखं मराठी सॉफ्टवेअर घेतलं की सोबत यायचं. ते काढलं की सॉफ्टवेअर बंद. नव्या मशीनला तो पोर्टच नसतो. पुसदच्या एखाद्या जुन्या छापखान्यात टेबलाखाली पिवळा पडलेला सीपीयू दिसला, तर तो बहुधा या डोंगलसाठी ठेवलेला असतो.

त्या सीपीयूवर विंडोज ९८. मायक्रोसॉफ्टनं ११ जुलै २००६ला तिचा सपोर्ट थांबवला. एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ला, सेव्हनचा १४ जानेवारी २०२०ला, टेनचा १४ ऑक्टोबर २०२५ला. ऐन लग्नसराईत डीटीपीवाला या तारखा बघून मशीन बदलत नाही. नेटच न जोडलेल्या मशीनला व्हायरसपेक्षा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, उडण्याची भीती मोठी. त्याचा सपोर्ट म्हणजे भंगारातून जुना मदरबोर्ड शोधून आणणारा मेकॅनिक.

फ्लॉपी, १.४४ एमबी. ड्राइव्ह गेला, विषय संपला.

पानं लावायचं पेजमेकर. शेवटची आवृत्ती ७.०, सन २००१. त्याला युनिकोड कळत नाही.

आणि मॅटर. खरी अडचण इथंच आहे. जुन्या फॉन्टमधला ‘क’ संगणकाच्या लेखी क नसतोच. एखाद्या इंग्रजी अक्षरावर किंवा चिन्हावर कचा चेहरा चढवलेला असतो. श्री-लिपीचा हिशेब वेगळा, आकृतीचा वेगळा, कृतीदेवचा आणखी वेगळा. विंडोज ९८ला देवनागरी येत नव्हती, हे मान्य. पण इस्की हे अक्षरांच्या संकेतांचं सरकारी प्रमाण १९९१मध्येच ठरलं होतं. निदान संकेत तरी सर्वांनी मिळून एक ठेवायचा. तो ठेवला नाही, हा दोष मी मायक्रोसॉफ्टच्या नव्हे, आपल्याच फॉन्टवाल्यांच्या पदरात टाकतो.

अडोबीनं पेजमेकर सोडून दिलं, तरी त्याच्या फाइली उघडायची सोय लिब्रेऑफिसवाल्यांनी केली आहे, तीही फुकट. मराठी मॅटरला ती अर्धीच पुरते. मूळ फॉन्ट नसला की पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा. “फाइल तं उघडते भाऊ, वाचता येत नाही.” कन्व्हर्टर मिळतात, पण त्यातून निघालेल्या मजकुरातले रफार आणि जोडाक्षरं पुन्हा डोळ्यांखालून घालावी लागतात.

लग्नपत्रिका गेली तर गेली. पण वसंतराव आणि सुधाकरराव नाईक, दोन मुख्यमंत्री दिलेल्या या पुसद तालुक्यात स्मरणिका निघतात, सोसायट्यांचे अहवाल निघतात, कॉलेजांचे वार्षिकांक निघतात. छापील प्रती वाळवीनं खाल्ल्या की उरते ती फाइल.

तेव्हा जुनं मशीन चालू आहे तोवर प्रत्येक फाइलची पीडीएफ करून घ्या. फाइलच्या नावात फॉन्टचं नाव लिहा, फॉन्टही सोबत कॉपी करा. आणि मशीन भंगारात देण्याआधी मागचं डोंगल काढून घ्या.